‘लाइट डोळ्यांवर येतो’: या नेहमीच्या तक्रारीचा छडा कसा लावायचा

‘इथे ग्लेअर (चकाकी) आहे’ अशा शब्दांत तक्रार क्वचितच येते. लोक म्हणतात, लाइट डोळ्यांवर येतो, दुपारनंतर कपाळ ठणकतं, स्क्रीन फिकी दिसते, या जागेवर बसवतच नाही. म्हणून मी आधी खोलीत एक फेरी मारतो आणि मग बोलायला बसतो. खालच्यापैकी दोन-तीन खुणा एकत्र सापडल्या की मामला बहुतेक वेळा चकाकीचाच निघतो.

- कोणीतरी पॅनल लाइटला कागद किंवा पुठ्ठा चिकटवलाय, नाहीतर डोक्यावरची एखादी ट्यूब गुपचूप काढून ठेवलीय.
- छताखाली टोपी घालून काम करणारा माणूस. किंवा बोलताना भुवईवर सतत आडवा हात धरणारा.
- मॉनिटर विचित्र कोनात वळवलेला, खुर्ची टेबलाला तिरकी, आणि मान नेहमी एकाच बाजूला अवघडलेली.
- उभं राहिलं की बरं वाटतं, बसलं की त्रास सुरू होतो. कधी याच्या उलटही.
- सुट्टीच्या दिवशी डोकं दुखत नाही.
- एकाला त्रास, शेजारच्याला काहीच नाही, आणि त्यावरून दोघांत कुरबुर.

शेवटच्या खुणेत दोघंही खरं बोलत असतात. चकाकी दिव्यात नसते, तशी ती खोलीतही नसते. एका विशिष्ट जागी, एका विशिष्ट दिशेला बघणाऱ्या डोळ्याला ती होते. दोन फुटांवरच्या माणसासाठी सगळं गणित बदललेलं असतं.

आणखी एक भेद आधीच करून टाकू. समोरून येणाऱ्या गाडीच्या दिव्याने रस्ता दिसेनासा होतो, ती दृष्टी अडवणारी चकाकी. खोलीतली तक्रार सहसा वेगळी असते. सगळं नीट दिसतं, अक्षर न अक्षर वाचता येतं, पण तासाभराने डोळे थकतात, कपाळाला आठ्या पडतात. ही खुपणारी चकाकी. त्यामुळे ‘तुम्हाला दिसतंय ना नीट?’ असं विचारून तक्रार निकालात काढणाऱ्याचं चुकतं.

आधी काय करू नये

जवळजवळ प्रत्येक ठिकाणी मी पोचण्याआधी एक उपाय झालेला असतो: एक सोडून एक दिवा बंद. खोली काळवंडते, तक्रार तशीच राहते. कारण समजलं की पुढच्या सगळ्या तपासण्यांचा क्रम आपोआप पटतो.

चकाकी मोजण्यासाठी यूजीआर, म्हणजे युनिफाइड ग्लेअर रेटिंग, हा अंक वापरतात. सीआयई या आंतरराष्ट्रीय प्रकाश आयोगाने तो १९९५ मध्ये मांडला. त्याच्या सूत्रात चारच गोष्टी आहेत: दिवा डोळ्याकडे किती तेजाने बघतो, तो डोळ्याला केवढा मोठा दिसतो, नजरेच्या रेषेपासून किती दूर आहे, आणि मागची पार्श्वभूमी किती उजळ आहे. पहिल्या गोष्टीचा वर्ग होतो, म्हणून ती भारी पडते. पार्श्वभूमी भागाकारात आहे; ती उजळली की चकाकी कमी होते.

आता अर्धे दिवे बंद करा. डोळ्यांवर येणाऱ्या दिव्यांची बेरीज निम्मी झाली, पण छत-भिंतींचा उजेडही निम्मा झाला. भागाकार जिथल्या तिथे, अंक हलत नाही. उरलेला प्रत्येक दिवा तेवढाच प्रखर आहे, फक्त आता अंधाऱ्या छतावर. डिमरने सगळे दिवे अर्ध्यावर आणले तर थोडा फरक पडतो, २.४ अंकांचा. ही मापनाची पट्टी साधारण १३, १६, १९, २२, २५, २८ अशी तीन-तीनच्या पायऱ्यांनी वापरतात. म्हणजे अर्धा प्रकाश घालवूनही पूर्ण एक पायरी उतरत नाही.

लक्स मीटरचंही तसंच. टेबलावर ठेवून ‘५०० लक्स आहे, सगळं प्रमाणात आहे’ असं सांगणारे पुष्कळ भेटतात. टेबलावर किती प्रकाश पडतो ते लक्स सांगतं. डोळ्याला दिवा केवढा प्रखर दिसतो, याचा त्यात पत्ताच नसतो. ५०० लक्सखालचा पांढरा कागद साधारण १२५ कँडेला प्रति चौरस मीटर (हे तेजस्वितेचं एकक) एवढाच तेजस्वी असतो, आणि उघड्या एलईडी चिपची तेजस्विता लाखांच्या घरात जाते. डोळ्याला एकाच वेळी दोन्ही सांभाळावे लागतात. खरी मारामारी तिथे आहे.

पहिली तपासणी: हात

तक्रार करणाऱ्याला त्याच्याच खुर्चीत, नेहमीच्या कामाला बसवा. स्वतः बसून बघू नका. तुमची उंची वेगळी, बसण्याची ढब वेगळी. आता त्याच्या भुवईवर टोपीच्या झडपेसारखा हात किंवा पुठ्ठा आडवा धरा, म्हणजे छताकडचा भाग झाकला जाईल आणि काम दिसत राहील. दहा सेकंद थांबा, मग हात काढा. दोन-तीनदा करा.

झाकल्याबरोबर चेहरा सैल पडला तर दोषी वरचा दिवा आहे. अर्धवट फरक पडला तर दोन कारणं एकत्र आहेत. काहीच फरक पडला नाही तर छताकडे बघणं सोडा, पुढच्या तपासणीवर जा. या एका मिनिटाने मी जितकी फिटिंग बदलण्यापासून वाचवलीत तितकी दुसऱ्या कशानेच नाही.

हात धरलेला असतानाच आणखी एक विचारा. ‘त्रास होतो का’ या प्रश्नाला सगळे ‘होतो’ म्हणतात. १९५० च्या सुमारास ब्रिटनच्या बिल्डिंग रिसर्च स्टेशनमध्ये हॉपकिन्सनने चकाकीवर प्रयोग केले, तेव्हा लोकांना चार पायऱ्या दिल्या होत्या: जेमतेम जाणवते, जेमतेम चालून जाते, खटकू लागते, सहन होईना. मी अजूनही याच चार वापरतो आणि प्रत्येक बदलानंतर पुन्हा विचारतो. एक पायरी खाली आली तरी आपण बरोबर वाटेवर आहोत.

दुसरी: आरसा

खिशात मावेल असा सपाट आरसा घ्या आणि जिथे काम चालतं तिथेच ठेवा, टेबलावर, कीबोर्डवर, वहीच्या पानावर. माणसाने नेहमीसारखं बसून आरशात बघायचं. आरशात दिवा किंवा खिडकी दिसली, तर तीच गुळगुळीत कागदावर आणि काचेच्या टेबलटॉपवर पांढरा पडदा टाकतेय. दिवा नजरेसमोर नाही म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही, पण अक्षरांचा काळेपणा त्याने पुसला जातो. स्क्रीनसाठी आरसाही नको. स्क्रीन बंद करा, काळ्या काचेत जे दिसेल ते बघा.

इथला उपाय बहुधा फुकट असतो. दिवा समोर-वर असण्याऐवजी दोन्ही बाजूंना येईल असं टेबल सरकवा. स्क्रीन थोडी पुढे झुकवा. काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरं ठेवण्याची सवय असेल तर काही दिवस उलटं करून बघा. गडद स्क्रीनमध्ये प्रतिबिंब जास्त ठळक दिसतं. डोळ्यांना आराम म्हणून डार्क मोड लावणारे आणि त्यामुळेच वैतागलेले लोक मी पाहिलेत.

तिसरी: खिडकी की दिवा

एकदा दिवे बंद करून पडदे उघडे ठेवा, एकदा पडदे पूर्ण बंद करून दिवे चालू. मग विचारा. फार साधी गोष्ट आहे, पण ती न करताच छतावरची अख्खी फिटिंग बदललेली मी बघितली आहेत आणि खरा गुन्हेगार मॉनिटरच्या मागे दिसणारी खिडकी होती. दुपारी तीननंतरच त्रास, ढगाळ दिवशी नाही, ऋतू बदलला की तक्रारीची जागा बदलते: ही सगळी खिडकीची लक्षणं.

खिडकीला पाठ करू नका, तोंडही करू नका. ती बाजूला घ्या. तोंड केलं तर आकाश नजरेत, पाठ केली तर तेच आकाश स्क्रीनमध्ये. ऊन थेट टेबलावर किंवा डोळ्यात येत असेल तर मोजमापाची गरज नाही, ब्लाइंड लावा. एक सूचना: यूजीआर हा अंक खिडकीसाठी बनवलेला नाही. दिवसाच्या उजेडाच्या चकाकीसाठी डीजीपी (डेलाइट ग्लेअर प्रोबॅबिलिटी) नावाचं वेगळं माप आहे, विनोल्ड आणि क्रिस्टोफरसन यांनी २००६ मध्ये मांडलेलं. कोणी खिडकीच्या तक्रारीवर यूजीआरचा अहवाल दाखवला तर तो अहवाल दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर देतोय.

चौथी: खुर्ची

मला सगळ्यात जास्त यश इथे येतं, म्हणून जरा थांबतो.

नजरेच्या रेषेच्या जवळचा दिवा जास्त खुपतो, दूरचा कमी. हे सगळ्यांना माहीत आहे. किती, ते माहीत नसतं. नजरेच्या सरळ वर १० अंशांवर असलेला दिवा ३० अंशांवर गेला आणि बाकी काहीही बदललं नाही, तर यूजीआर साधारण ६ अंकांनी उतरतो. दोन पायऱ्या! अर्धे दिवे विझवून जे साधत नाही ते मान थोडी खाली केल्याने साधतं. म्हणूनच डोक्यावरच्या ज्या दिव्याला लोक शिव्या घालतात, तो बहुधा निर्दोष असतो. खुपतो तो खोलीच्या पलीकडच्या टोकाचा दिवा.

हिशेब करून बघा. छत २.७ मीटरवर, बसलेल्या माणसाचा डोळा १.२ मीटरवर. मधे दीड मीटर. समोर ३.२ मीटरपेक्षा लांब असलेला प्रत्येक दिवा नजरेच्या आडव्या रेषेपासून २५ अंशांच्या आत येतो. ठेंगण्या छताच्या लांबलचक दालनात अशा दिव्यांच्या रांगाच्या रांगा असतात, आणि सगळ्यात मागे बसलेल्याला त्या सगळ्या एकदम दिसतात. लहान खोलीत तोच दिवा कोणाला खुपत नाही, कारण लांबचा दिवाच नसतो.

तर खुर्चीत बसून ९० अंश फिरवून बघा. मॉनिटर जास्त उंच असेल तर खाली आणा, नजर आपोआप उतरते. लांबट फिटिंग असतील तर त्यांच्या रांगांच्या मधे, रांगेच्या दिशेने तोंड करून बसणं सहसा बरं. आडव्या रांगांकडे बघत बसणं वाईट. सहसा म्हणतोय, कारण काही फिटिंगचा प्रकाश टोकाकडून जास्त सांडतो. फिरवून बघितल्याशिवाय खात्री धरू नका. आणि बदल करून लगेच निकाल विचारू नका, दोन-तीन दिवस बसू द्या.

पाचवी: फिटिंगमध्ये काहीतरी चुकीचं बसलंय का

शिडीवर चढण्याआधी खालूनच बघा. डिफ्युझर (प्रकाश पसरवणारं कव्हर) निघून गेलाय का, जाळी वाकलीय का, एकाच रांगेत एक दिवा वेगळ्या रंगाचा किंवा जास्त वॅटचा आहे का? देखभालीत कोणीतरी हाताला लागेल ते बसवलेलं असतं.

वारंवार सापडणारी चूक म्हणजे जुन्या आरशाच्या जाळीच्या फिटिंगमध्ये फ्लुओरोसंट नळीच्या जागी एलईडी ट्यूब. जुनी नळी सर्व बाजूंनी प्रकाश टाकायची आणि परावर्तक तो वळवायचे. नवी ट्यूब मुख्यतः एकाच बाजूला फेकते, तेही जास्त प्रखर ठिपक्यांतून. परावर्तकाचं काम संपलं, फिटिंगची जुनी आकडेवारी रद्द. पारदर्शक कव्हरची ट्यूब असेल तर दुधी कव्हरची लावून एका दिव्यापुरतं बघा.

मूळ तत्त्व तेच: प्रकाश तेवढाच ठेवून तो चौपट क्षेत्रातून बाहेर काढला तर तेजस्विता पाव होते आणि यूजीआर जवळजवळ ५ अंकांनी घसरतो. छोट्या डाउनलाइटच्या बाबतीत पसरवणं जमत नसेल तर लपवावं लागतं. दिव्याचा स्रोत आत खोल बसवलेला, कडेने आडोसा. स्रोत जितका प्रखर तितका आडोसा जास्त; युरोपीय मानक ईएन १२४६४-१ मध्ये ५ लाख कँडेला प्रति चौरस मीटरच्या वरच्या स्रोतासाठी किमान ३० अंशांचा आडोसा मागतात.

निळसर पांढरा प्रकाश पुष्कळांना जास्त बोचतो, मलाही. यूजीआरच्या सूत्रात मात्र रंगाला जागाच नाही. अंक बरोबर आणि माणूस नाराज असेल तर दिव्याचा रंग बदलून बघायला हरकत नाही.

सहावी: पार्श्वभूमी उजळा

लोकांना हे उलटं वाटतं. प्रकाश खुपतोय आणि मी म्हणतो आणखी दिवा लावा, फक्त छताकडे तोंड करून. गडद छत किंवा गडद भिंतीवरचा पांढरा चौकोनी पॅनल म्हणजे काळ्या कापडातलं भोक. पार्श्वभूमीचा उजेड दुप्पट केला आणि फिटिंग तीच ठेवली तर २.४ अंक मिळतात, म्हणजे सगळे दिवे अर्ध्यावर आणण्याएवढाच फायदा, खोली अंधारी न करता. उभा दिवा आणून छतावर प्रकाश टाकून एक संध्याकाळ बघा. फरक पटला तर मग रंगाचा विचार करा. छतासाठी ७० टक्क्यांहून जास्त आणि भिंतींसाठी ५० टक्क्यांहून जास्त प्रकाश परावर्तित करणारा, चमक नसलेला रंग. चमकदार रंग लावला तर नवीन प्रतिबिंबं विकत घेतलीत.

मधेच एक चकवा: फ्लिकर

हातानेही फरक नाही, आरशात काही नाही, खिडकी नाही, तरी डोकं दुखतं? दिवा चकाकत नसेल, लुकलुकत असेल. फोनच्या स्लो मोशनने दिव्याचा व्हिडिओ घ्या. उजेड धडधडताना किंवा पट्टे सरकताना दिसले तर ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला वीज पुरवणारा भाग, संशयित. पट्टे दिसले नाहीत म्हणून दिवा निर्दोष ठरत नाही, पण दिसले तर चांगला धागा मिळतो. डिमर कमी केल्यावर त्रास वाढत असेल तर आधी हेच तपासा.

सातवी: नवीन फिटिंग घेण्याआधी

इथून खर्च सुरू होतो, त्यामुळे वरचं सगळं करूनच इथे या.

खोक्यावर ‘यूजीआर १९ पेक्षा कमी’ लिहिलेलं असतं. वाचन, लेखन, संगणकाच्या कामासाठी १९ आणि तांत्रिक आरेखनासाठी १६ ही मर्यादा त्याच युरोपीय मानकात आहे, म्हणून हा आकडा विकला जातो. पण यूजीआर खोलीचा असतो, दिव्याचा नाही. खोक्यावरचा आकडा एका ठरावीक कल्पित खोलीचा: रुंदी आणि लांबी डोळ्यापासून दिव्यापर्यंतच्या उंचीच्या ४ आणि ८ पट, छत ७०, भिंती ५०, जमीन २० टक्के परावर्तक. तुमच्या भिंती गडद लाकडी असतील तर तो आकडा तुमचा नव्हे. विक्रेत्याकडून यूजीआरचा पूर्ण तक्ता मागा. त्यात वेगवेगळ्या आकारांच्या खोल्या आणि वेगवेगळे परावर्तन असतं, आणि फिटिंगकडे आडवं व उभं बघताना असे दोन वेगळे अंकही. आपल्या खोलीच्या जवळची ओळ शोधा आणि दोनपैकी वाईट अंक धरा.

अगदी लहान ठिपक्यासारखे स्रोत आणि अख्खं उजळलेलं छत या दोन्ही टोकांना हे सूत्र नीट चालत नाही; त्यासाठी सीआयईने २००२ मध्ये वेगळी दुरुस्ती दिली. एलईडीचे ठिपके उघडे दिसणाऱ्या फिटिंगमध्येही अंक खऱ्या त्रासापेक्षा कमी येऊ शकतो. म्हणून अंक कितीही गोड असो, एक नमुना आणा, तक्रार करणाऱ्याच्या समोर, त्याच्याच जागेवरून दिसेल असा टांगा, आणि चार पायऱ्यांचा प्रश्न पुन्हा विचारा. मगच बाकीची ऑर्डर.

कुठे थांबायचं

डिफ्युझर पुसणं, खुर्ची हलवणं, मेन स्विच बंद करून ट्यूब बदलणं तुमचं काम. ड्रायव्हर उघडणं, जुन्या फिटिंगची वायरिंग बदलून एलईडी ट्यूब बसवणं, फॉल्स सीलिंगमध्ये हात घालणं इलेक्ट्रिशियनचं. ट्यूब बदलल्यावर फिटिंग गुणगुणत असेल, तापत असेल, जळका वास येत असेल तर चकाकी विसरा, स्विच बंद करा आणि त्याला बोलवा.

एकाच दालनात अनेकांची तक्रार असेल, खुर्च्या हलवायला जागाच नसेल, किंवा कामाच्या ठिकाणच्या नियमांसाठी लेखी अहवाल हवा असेल, तर प्रकाशयोजनेच्या सल्लागाराकडे जा. तो ल्युमिनन्स मीटर किंवा फिशआय लेन्सने वेगवेगळ्या एक्स्पोजरचे फोटो घेऊन प्रत्येक बैठकीवरून तेजस्वितेचा नकाशा काढतो. फोनच्या कॅमेऱ्याने हे होत नाही. कॅमेरा स्वतःच उजेड सांभाळून घेतो आणि प्रखर भाग एकसारखे पांढरे करून टाकतो. बोलावताना एवढंच विचारा: मोजमाप बसलेल्या माणसाच्या डोळ्याच्या उंचीवरून घेणार का? ‘टेबलावरून’ असं उत्तर आलं तर दुसरा शोधा.

आणि कधीकधी दिव्यात काहीच नसतं. खोलीतल्या दहाजणांत एकालाच त्रास, तोही रस्त्यावर, घरी, सगळीकडे. दिव्यांभोवती वलयं दिसतात. पूर्वी चालणारा प्रकाश काही महिन्यांत नकोसा झालाय. वयाबरोबर डोळ्याच्या भिंगात प्रकाश जास्त विखुरतो, मोतीबिंदूत फारच. कोरडे डोळे आणि मायग्रेन यांतही उजेड सहन होत नाही. अशा माणसाला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवा, पॅनल बदलत बसू नका. डोळा अचानक लाल होऊन जोराने दुखू लागला, सोबत वलयं, धूसर दिसणं किंवा उलटी असेल तर त्याच दिवशी नव्हे, त्याच तासाला.